मिलिंद : एका ग्रीक नांवाची कुळकथा

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांतील शाळांच्या हजेरीपटांवर मिलिंद हें नांव वरचेवर दिसूं लागलें. नांव कानाला गोड, लिहावयास सोपें आणि रूपानें अस्सल संस्कृत. त्याचा अर्थ विचारला, तर अनेक घरांतून उत्तर मिळतें कीं, मिलिंद म्हणजे भ्रमर. दुसऱ्या कांहीं घरांतून निराळेंच उत्तर येतें : मिलिंद म्हणजे तो राजा, ज्यानें भिक्षु नागसेनाला प्रश्न विचारले. एकाच नांवाचीं हीं दोन उत्तरें. आणि दोन्हीं बरोबर आहेत. मात्र दोन अर्थ आपणांकडे आले ते दोन वेगळ्या वाटांनीं.

भ्रमराची वाट काव्यांतून आली. उत्तरकालीन संस्कृत काव्यांत मिलिंद हा शब्द भुंगा या अर्थीं येतो. सतराव्या शतकांतील जगन्नाथ पंडिताच्या 'भामिनीविलासां'त तो आढळतो. मकरंदाचें मर्म जाणणारा रसिक, या भावनेनें ज्या आईबापांनीं मुलाला हें नांव दिलें, त्यांची निवड सार्थच म्हटली पाहिजे.

राजाचें नांव मात्र थेट ग्रीक भाषेंतलें आहे. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत वायव्य हिंदुस्थानांत व पंजाबांत राज्य करणारा हा ग्रीक राजा. त्याचें मूळचें नांव मेनान्द्रोस; इंग्रजी पुस्तकांतून तें मिनँडर म्हणून परिचित आहे. त्याच्या दीडएकशें वर्षें आधीं अथेन्स नगरांत याच नांवाचा एक प्रख्यात विनोदी नाटककार होऊन गेला. अर्थात् नांव ग्रीकांत रूढ होतें.

या सामासिक नांवाचें उत्तरपद म्हणजे पुरुषवाचक 'आनेर', ज्याची षष्ठी 'आन्द्रोस' अशी होते. हा शब्द संस्कृत 'नर' शब्दाचा सख्खा भाऊबंद. अलेक्झांडर या नांवाच्या शेवटींहि हेंच पद आहे. तेथील पूर्वपद 'रक्ष्' धातूचें सगोत्र असून त्या नांवाचा अर्थ मनुष्यांचा रक्षक असा होतो. मेनान्द्रोस या नांवाचें पूर्वपद बहुधा 'मेनो', म्हणजे टिकून राहणें, जागा न सोडणें, या क्रियापदाशीं जोडतात. कोणी तें बळ किंवा आवेश या अर्थाच्या 'मेनोस' शब्दाशीं लावतात, आणि तो शब्द तर आपल्या 'मनस्' शब्दाचाच भाऊ. पहिला अर्थ घेतला, तर ठाम उभा राहणारा पुरुष असें हें नांव होतें. युद्धांत स्थिर तो युधिष्ठिर. त्याच जातीचें हें नांव समजावें.

आतां मेनान्द्रोसाचा मिलिंद कसा झाला ? या राजाच्या पुष्कळ नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लेख असून दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपींत प्राकृत लेख आहे. तेथें 'महाराज', 'त्राता' या बिरुदांपुढें 'मेनंद्र' असें नांव येतें. वायव्य सरहद्दीवरील बाजौर येथें मिळालेल्या अस्थिकरंडकावर 'मिनद्र' असें रूप आहे. पाली भाषेंत त्याचें 'मिलिंद' झालें, आणि अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें 'मिलिंद्र' असें लिहिलें. 'न' चा 'ल' व्हावा यांत नवल कांहींच नाहीं. संस्कृत निंबाचा मराठींत लिंब झाला, हें अंगणांतलें उदाहरण पुरेसें आहे. अखेरच्या 'द्र' मधील रकारहि पालीनें इंद्राचा 'इंद' करतांना असाच गाळला.

ज्या पाली ग्रंथानें हें नांव अमर केलें, तो 'मिलिंदपञ्ह'. सागल नगरी, म्हणजे बहुतेक विद्वानांच्या मतें आजच्या पाकिस्तानांतील सियालकोट, ही तेथें राजधानी. वादांत मोठमोठ्यांना निरुत्तर करणारा राजा नागसेनाला पहिलाच प्रश्न विचारतो तो नांवाचा. नागसेन सांगतो कीं, लोक मला नागसेन म्हणतात. पण तें केवळ व्यवहाराचें नांव, त्याच्या आंत वेगळी व्यक्ति सांपडत नाहीं. राजा जवळच्या पांचशें यवनांना साक्षीस ठेवून विचारतो : मग केंस म्हणजे नागसेन कीं नखें म्हणजे नागसेन ? भिक्षु उलट विचारतो : महाराज रथांतून आले; मग आंस म्हणजे रथ कीं चाकें म्हणजे रथ ? राजाला कबूल करावें लागतें कीं, हे सर्व भाग जुळून आले म्हणजे त्यांना रथ हें नांव मिळतें. नागसेनाचेंहि तसेंच आहे, हें ऐकून तो मनापासून त्याची वाखाणणी करतो.

प्लुटार्क या ग्रीक ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे कीं, हा न्यायी राजा छावणींत वारला तेव्हां त्याच्या रक्षेवर अनेक नगरांनीं हक्क सांगितला, आणि शेवटीं ती सर्वांनीं सारखी वांटून घेतली. ग्रीसमध्यें त्याच्या मागें उरल्या त्या अशा तुरळक नोंदी. त्याचें नांव नांदलें तें या देशांत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं औरंगाबाद, म्हणजे आतांचें छत्रपती संभाजीनगर, येथें महाविद्यालय काढलें; तें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या परिसराचें नांव नागसेनवन. प्रश्न करणारा आणि उत्तर देणारा तेथें पुन्हां शेजारीं आले.

घरांतल्या मिलिंदानें आपल्या नांवाचा अर्थ विचारला, तर त्याला भुंगा जरूर सांगावा. पण तेवढ्यावर थांबूं नये. परक्या भाषेंतून आलेला तो राजाहि सांगावा. ठाम उभें राहणें हा त्याच्या नांवाचा अर्थ खरा. परंतु त्याचा मोठेपणा निराळाच होता. सिंहासनावर बसून प्रश्न विचारण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं, आणि उत्तर पटल्यावर आपली जागा सोडण्यांतहि वाटला नाहीं.