घरबसल्या

मुलुंड-घाटकोपरच्या शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून गेले, तिथं मॉल न् टॉवर उभे राहिले. आमच्या पोरांच्या हाती सिक्युरिटीची शिट्टी आली, आयांच्या हाती मण्यांची पिशवी.

माझी आई जन्मभर इमिटेशनचे हार ओवायची. मजुरी नगावर. शेठ म्हणायचा, "बाई, घरबसल्या पैसे मिळतायत की!" घरबसल्या? खोली आमची, लाइटबिल आमचं, डोळे आमचे. शेठचा कारखाना आमच्या दहा बाय दहात घुसला न् भाडं छदाम नाही. एकदा अख्खा लॉट नापास म्हणून मजुरीच बुडवली. दाद कुणाकडं मागायची? हजेरीपटच नाही.

१९६६ सालच्या विडी कामगार कायद्यानं घरी विड्या वळणारी बाईही कामगार मानली. मग मणी ओवणारी कोण? १९९६ ला जिनिव्हात घरकामगारांचा, म्हणजे घरी माल बनवणाऱ्यांचा, आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत सरकारनं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.

तेव्हा पोरांनो, भाषणं नंतर. आज घरी जाऊन आईला वही आणून द्या. तारीख, माल, दर, शेठचं नाव. लिहा तुम्ही, तिचे डोळे गेलेत. रविवारी गल्लीतल्या सगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवू, न् बघू एकाच हाराला किती दर आहेत ते.