पाणी मागे सरतं तेव्हा



चिखलात चरणारी पाखरं बघायची तर ठाण्याच्या खाडीवर जावं, असं नागपुरात बरेच जण समजतात. ती खाडी मोठीच. २०१५ साली तिथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ साली तिला रामसर दर्जाही मिळाला. पण किनारा विदर्भालाही आहे. माघ-फाल्गुनात तळी आटू लागली की तो उघडा पडतो आणि रोज थोडा थोडा आत सरकत जातो.

नुकत्याच उघड्या पडलेल्या त्या ओल्या चिखलात अळ्या, किडे, बारीक गोगलगायी असतात. छोटा टिलवा दिवसभर चोचीने तेच टिपत असतो. जेमतेम पंचवीस ग्रॅमचा हा जीव आर्क्टिकच्या टुंड्रात जाऊन अंडी घालतो. तिकडच्या वाटेसाठी लागणारी चरबी तो अशाच चिखलावर अंगी लावतो. शेजारी पिवळा धोबी असतो. हिवाळाभर तो मळकट दिसला, आता नवी पिसं येऊन पिवळाधमक होतोय.

आणि पट्टकादंब! पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असलेले हे हंस नागपूरजवळच्या पारडगावच्या तळ्यावर हिवाळ्यात उतरतात, काठचं कोवळं गवत खातात आणि उन्हं तापायच्या सुमारास तिबेट-मंगोलियाकडे निघतात. काही हंसांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला. हिमालयाची चढण ते सात-आठ तासांत पार करतात. एक हंस तर ७,२९० मीटरपर्यंत पोचला होता. दुपारी दरीतून वर चढणारा वारा त्यांना आयता मिळाला असता, पण ते रात्री आणि पहाटे उडतात. तेव्हा हवा थंड आणि दाट असते, पंखांना तिचा आधार मिळतो. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही विरळ हवेतला प्राणवायू घट्ट धरून ठेवतं.

या सगळ्यांची भिस्त तळ्याच्या उथळ काठावर. म्हणून तळ्याचं सुशोभीकरण म्हटलं की मला धास्ती वाटते. चहूबाजूंनी दगडी भिंत, वर फिरायचा रस्ता, रात्रभर दिवे. पाणी तेवढंच राहतं, पण उथळ काठ जातो, आणि टिलवा खोल पाण्यात चरू शकत नाही. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने बांधलेले तलाव बघा. पाळ एका अंगाला, समोर जमीन हळूहळू चढत गेलेली. नवेगावबांधचा तलाव असाच. वनाधिकारी मारुती चितमपल्ली तिथे माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या गावच्या जाणत्यांकडून जंगल शिकले. आपल्या शहरातल्या तळ्यांचा निदान एक काठ असाच मातीचा, उतरता ठेवावा, एवढंच मी महापालिकेकडे मागतो आहे.

येत्या पंधरवड्यात कुणी निघणार असाल तर सकाळी लवकर जा. सूर्य पाठीशी ठेवा आणि पाळीवरूनच बघा. खाली चिखलाकडे उतरू नका. टिटवी आता अंडी घालू लागेल. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच असतात आणि पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.