जावडेकर, बावडेकर आणि आम्ही
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या वार्षिकोत्सवात सतीश आळेकरांचे 'बेगम बर्वे' करावे, अशी सूचना आम्ही तिघा बँकवाल्यांनी मांडली. लगेच दोन प्रश्न आले. त्यात कळण्यासारखे काय आहे? आणि घरच्या मंडळींना घेऊन बसता येईल का? दुसऱ्याचे उत्तर 'हो' एवढेच आहे. पहिल्यासाठी ही दहा मिनिटे मागून घेतली आहेत.

1979 साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने हे नाटक रंगमंचावर आणले. दिग्दर्शन आळेकरांचेच. बर्व्याची भूमिका चंद्रकांत काळे यांनी केली. पुढे अमाल अल्लाना यांनी हिंदीत केले तेव्हा मनोहर सिंग बर्वे झाले होते.

बर्वे हा संगीत नाटकांतून किरकोळ स्त्रीभूमिका केलेला नट. कंपनी बंद पडली आणि तो रस्त्यावर आला. आता श्यामराव नावाच्या मालकासाठी उदबत्त्या विकतो. श्यामराव त्याला राबवून घेतो. मनाने मात्र बर्वे अजून बालगंधर्वांच्या काळातच आहे. त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून. जावडेकरांचा जीव ऑफिसातल्या नलावडेबाईंवर. मग बर्वे या कारकुनांच्या स्वप्नात शिरतो, की ते त्याच्या, याचा पत्ता लागत नाही. पण बर्वे नलावडेबाई होतो. लग्न होते, दिवस जातात, डोहाळे पुरवले जातात. शेवटी श्यामराव येतो आणि सोंग उतरवतो.

या नाटकाबद्दल बोलताना लोक बहुधा गंधर्वयुगाबद्दल बोलतात. बडोद्यात तर ते होणारच. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, आणि थिएटरात शिंपडलेल्या अत्तराच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. पण अत्तर मागे राहिले आणि बर्व्याच्या हाती उदबत्तीचा पुडा आला, ही गोष्ट आम्हा नोकरदारांना जास्त लागते. आमच्या मते हे चाकरीच्या उतरंडीचे नाटक आहे.

जावडेकर काही दुष्ट नाहीत. उलट किती मायेने वागतात! पण ती माया नलावडेबाईंसाठी आहे. दिवसभर पायपीट करणाऱ्या बर्व्याला, बाबा रे, आज किती पुडे खपले, तुझ्या हातात काय पडले, असे कुणी विचारत नाही. कारकुनांना बायको, संसार, बाळाची चाहूल, सगळे या माणसाकडून फुकट मिळते. त्यांच्या स्वतःच्या खिशात काही नाही हेही खरे. तरीही त्यांच्या खाली एक बर्वे आहेच. पहिल्यांदा नाटक वाचले तेव्हा आम्ही बर्व्याला हसलो. पुन्हा वाचताना जावडेकरांना हसलो, आणि मधेच हसू थांबले.

अ‍ॅब्सर्ड म्हणजे दुर्बोध अशी आपली समजूत आहे. तशा लोकांनी बँकेत येऊन बसावे. बँकांच्या द्विपक्षीय करारात अर्धवेळ सफाई कामगाराचा पगार अपूर्णांकात ठरतो. आठवड्याला 6 तासांहून अधिक आणि 13 पर्यंत काम असेल तर एक-तृतीयांश, 19 पर्यंत अर्धा, 29 पर्यंत पाऊण. आम्ही कॉमर्सवाले, अपूर्णांकांना भिणारे नव्हेत. पण एका शाखेत सकाळी साहेब विचारत, "आज वन-थर्ड आला नाही का?" आणि मागच्या दाराने बादली घेऊन एक अख्खा माणूस आत येई. कुणाला काही चमत्कारिक वाटत नसे. आम्हालाही वाटले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. आता बऱ्याच ठिकाणी हे काम कंत्राटदाराकडे गेले. म्हणजे अपूर्णांकही गेला आणि मस्टरवरचे नावही गेले.

आमचे मात्र नाव सुधारले. 8 मार्च 2024 च्या करारात आम्ही क्लार्कचे 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो. काउंटर तोच आणि रांगही तीच. जावडेकर असते तर त्यांनी पेढे वाटले असते. (आमच्यापैकी एकाने वाटले. नाव सांगत नाही, तो समोरच बसला आहे.)

आता मंडळाकडे येतो. जमाखर्च आमच्याकडे आहे, म्हणून हे बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो. आपले सभागृह रोज झाडले जाते, सतरंज्या अंथरल्या आणि गुंडाळल्या जातात, कार्यक्रमानंतर रात्री अकराला भांडी घासली जातात. हे करणाऱ्या बाईंना दिलेला पैसा आपल्या ताळेबंदात कुठे आहे? 'किरकोळ खर्च' या सदरात. त्याच सदरात चहापान आहे, हार-गुच्छ आहेत आणि सरस्वतीपूजनाच्या उदबत्त्या आहेत. गेली सहा वर्षे आम्हीच ते तसे लिहीत आलो, हिशेब तपासनिसांनी तसेच मंजूर केले, आणि वार्षिक सभेत आपण हात वर केले.

म्हणून नाटकाच्या ठरावाला आम्ही एक दुरुस्ती जोडतो आहोत. येत्या 1 एप्रिलपासून जमाखर्चात 'वेतन' असे स्वतंत्र सदर उघडावे, त्यात या बाईंचे पूर्ण नाव लिहावे आणि रक्कम महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यावी. कार्यक्रम लांबला तर जादा तासांचे पैसे वेगळे. कोषाध्यक्षांना आकडा काढून दिला आहे. दिवाळी अंकाच्या जाहिरातींतून तो सहज निघतो.

बर्व्याच्या भूमिकेसाठी अजून कुणी पुढे आलेले नाही. जावडेकर व्हायला पाच जण तयार आहेत. नावे सचिवांकडे शनिवारपर्यंत द्यावीत.