प्रौढपणीचे विद्यार्जन
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभागृहात दिलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत गतकाळाचे गुणगान व्हावे हा शिष्टाचार आहे, आणि आमच्या आधीच्या वक्त्यांनी तो यथायोग्य पाळला आहे. आम्ही आज एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी कित्येक प्रौढ मंडळी, म्हणजे कचेरीतील कारकून, रुग्णालयातील परिचारिका, बालवाडीच्या शिक्षिका, दिवसभराचे काम आटोपून रात्री संगणकापुढे किंवा हातातील मोबाईलपुढे बसून महाविद्यालयाचा अभ्यास करू लागली आहेत. कोणी धाकट्या भावाच्या फीसाठी दहावीनंतर पुस्तके मिटली होती. कोणाची बढती केवळ पदवी नाही म्हणून वर्षानुवर्षे अडली आहे. ही मंडळी आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात ती जणू काही चोरी केल्यासारखी. “फादर, घरी बोलू नका, नापास झाले तर पोरे हसतील,” असे एका भगिनीने आम्हांस विनविले. तिच्या त्या वाक्यासाठीच आजचे हे भाषण आहे.

ह्या बाबतीत संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या चरित्रातील एक भाग मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे. १४९१ साली जन्मलेला हा सरदारपुत्र १५२४ साली, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सेलोना शहरात लॅटिन व्याकरण शिकावयास बसला. जे धडे कोवळी मुले खेळता खेळता पाठ करीत ते ह्या प्रौढ पुरुषाच्या तोंडी बसेनात. (आम्ही सेमिनरीत लॅटिन क्रियापदांची रूपे घोकली आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी आम्हांस विशेष सहानुभूती वाटते.) पण त्यांची खरी अडचण निराळीच होती. घोकावयास बसले की त्यांच्या मनात भक्तीचे नवे नवे विचार दाटून येत आणि व्याकरण बाजूस राही. हे विचार प्रार्थनेच्या वेळी येत नाहीत, नेमके अभ्यासाच्याच वेळी येतात, हे लक्षात येताच त्यांनी तो मोह आहे असे ठरविले. गुरुजींस गाठून त्यांनी वचन दिले की, पोटापुरती भाकरी आणि पाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे आपला एकही पाठ चुकविणार नाही.

पुढे आल्काला व सालामांका येथे त्यांनी घाईघाईने पुष्कळ विषय हाती घेतले; पाया कच्चा राहिला. तेव्हा १५२८ साली पॅरिसला गेल्यावर ते पुन्हा मुलांच्या वर्गात लॅटिनसाठी बसले. जवळ पैसा नव्हता, म्हणून एका धर्मशाळेत राहावे लागले. ती विद्यालयापासून दूर. तिचे दार पहाटे उशिरा उघडे आणि संध्याकाळी लवकर बंद होई. त्यामुळे सकाळचा एक पाठ आणि सायंकाळचा एक पाठ बुडे. विरारच्या लोकलमध्ये उभ्याने दीड तास घालवून घरी पोहोचणाऱ्यास ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. अखेर एका साधूच्या सल्ल्याने ते दरवर्षी फ्लँडर्स प्रांतातील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे जाऊन वर्षाची बेगमी करू लागले. दोन महिने प्रवासात गेले तरी उरलेले वर्ष अभ्यासास मोकळे राही. १५३५ साली, चव्वेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांस मास्टर ऑफ आर्ट्स ही पदवी मिळाली. त्यांच्या खोलीत राहणारे दोघे विद्यार्थी त्यांच्याहून सुमारे पंधरा वर्षांनी लहान होते. त्यांपैकी एक पुढे १५४२ साली गोव्यास उतरला. त्याचे नाव आपण सर्व जाणता.

आता आपल्या काळाकडे वळू. धर्मशाळेच्या दाराची अडचण आज पुष्कळशी दूर झाली आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिक्षण देण्यास आरंभ केला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ नावाचे व्यासपीठ सुरू केले. त्यावरील पाठ विनामूल्य ऐकता येतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी भरावी लागते. ज्यांची दहावी वा बारावी राहून गेली त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ अथवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली जाहीर केले आहे.

तथापि ‘मान्यताप्राप्त’ ह्या शब्दावर आम्ही बोट ठेवू इच्छितो. घाम गाळून साठविलेला पैसा जाहिरात पाहून कोणाच्याही हवाली करू नये. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची व अभ्यासक्रमांची यादी असते. ती आधी पाहावी, मग फी भरावी. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा ह्या विषयांची पदवी ऑनलाइन देण्यास आयोगाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. तेव्हा घरबसल्या परिचारिकेची पदवी देतो म्हणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. यादी पाहणे ज्यांस जमत नसेल त्यांनी आमच्या कचेरीत यावे. आपण मिळून पाहू.

आता घरच्या मंडळींस दोन शब्द. पाठ घरापर्यंत आला, परंतु वेळ काही त्याच्याबरोबर आलेला नाही. रात्री नऊ वाजता व्याख्यान सुरू व्हावे आणि त्याच वेळी मुलाने डबा मागावा, सासूबाईंनी औषध मागावे, यजमानांनी दूरदर्शनचा आवाज वाढवावा, असे आमच्या पाहण्यात आहे. पुरुष शिकत असेल तर घर त्याच्यासाठी चूप बसते. स्त्री शिकत असेल तर तिने सारे आवरून उरलेल्या वेळात शिकावे अशी अपेक्षा असते. उरलेला वेळ म्हणजे रात्रीचे साडेअकरा. त्या घटकेस कोणाच्या डोक्यात अर्थशास्त्र शिरणार? यजमानांनी आठवड्यातून चार रात्री भांडी घासली तर त्यांच्या प्रतिष्ठेस धक्का लागेल असे आम्हांस वाटत नाही.

आणि हा बोल आम्हां धर्मगुरूंसही लागू आहे. मंडळाच्या सभा, गायनवृंदाची तालीम, महोत्सवाची वर्गणी, ह्या सर्वांसाठी आपण त्याच त्या चार उत्साही माणसांस बोलावतो, आणि बहुधा तीच माणसे रात्री अभ्यासही करीत असतात. भक्तीची कामे अभ्यासाच्या आड येऊ शकतात हे लोयोलांनी ओळखले होते. म्हणून धर्मग्राम समितीशी विचारविनिमय करून आम्ही असे ठरविले आहे की, जो कोणी परीक्षेस बसणार असेल त्यास परीक्षेपूर्वीचे दोन महिने सर्व समित्यांच्या कामातून रजा मिळेल, आणि ती त्याने न मागता मिळेल. केवळ परीक्षेची तारीख कळवावी. ह्याविषयी कोणी कुरकूर केल्यास त्याने ती आमच्यापाशी करावी, त्या विद्यार्थ्यापाशी नव्हे.

येत्या सोमवारपासून वाचनालयाची मागील खोली रात्री आठ ते साडेदहा उघडी राहील. तेथे सहा मेजे, दिवे आणि इंटरनेटची जोडणी आहे. ज्यांची मुले लहान आहेत त्यांची मुले शेजारच्या दालनात सांभाळावयास तरुण मंडळातील चौघांनी नावे दिली आहेत. आणखी दोघे हवे आहेत. खोलीची किल्ली सॅक्रिस्टनकडे मिळेल.