पाटीवरची मराठी

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सबमिशनपायी तुम्ही किती रात्री जागवल्यात हे तुमच्या घरच्यांना ठाऊक आहे, आणि हॉस्टेलसमोरच्या चहावाल्यालाही. अशा समारंभात पाहुण्याने स्वप्ने, आकाश, भरारी असले विषय घ्यायचे असतात. मी दुकानांच्या पाट्यांवर बोलणार आहे.

आपल्या राज्यात दुकाने आणि आस्थापनांसाठी २०१७चा कायदा आहे. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि लहानमोठ्या प्रत्येक दुकानाला देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, हेही त्यात आले. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सप्टेंबर २०२३मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली आणि एकच धांदल उडाली. दुकानदार धावले ते फ्लेक्सवाल्याकडे. त्याच्यापुढे रांग लागलेली. त्याने संगणकात जो फॉण्ट आधी हाताला लागला तो लावला, रुंदीत बसेना म्हणून आडवा दाबला, लाल रंग भरला, कडेला पांढरी रेघ ओढली आणि पाटी तयार. फ्लेक्सवाल्याला मी दोष देणार नाही. कायद्याने अक्षरांची उंची सांगितली होती, वळण सांगितले नव्हते, आणि सांगायला त्याच्या शेजारी कोणी उभेही नव्हते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर मराठी अक्षराला गिऱ्हाईक मिळण्याची वेळ पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. आपला उपयोजित कलेचा व्यवसाय मात्र त्या दोन महिन्यांत कॉफीशॉपचे इंग्रजी लोगो करण्यात गुंतलेला होता.

काल तुमचे वार्षिक प्रदर्शन पाहिले. चित्रकथेची पाने फार चांगली आहेत, रंगाची समज तर माझ्या पिढीपेक्षा पुष्कळ पुढची. पण भिंतीवरून भिंतीवर जाताना एक गोष्ट खटकत गेली. साबणाचे वेष्टन इंग्रजीत, ॲपचे पडदे इंग्रजीत, पावसाळी ट्रेकची पुस्तिका इंग्रजीत. मराठी आली होती ती नक्षीसारखी: टी-शर्टवर एखादी शिवी, पोस्टरच्या कोपऱ्यात एखादा भलाथोरला 'ळ'. वाचण्यासाठी मांडलेली मराठी जवळपास नव्हतीच. एका मुलीने एसटी स्थानकाचे फलक नव्याने आखले होते. त्यात 'कऱ्हाड' बरोबर लिहिलेले पाहून मी तिथे बराच वेळ थांबलो.

का थांबलो ते सांगतो. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, दऱ्याखोऱ्या या शब्दांतला 'र' ओळीच्या डोक्यावर रफार होऊन बसत नाही. तो शेजारच्या अक्षराला आडव्या बाकदार रेघेने चिकटतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे ज्याने अक्षरसंच केला, किंवा ज्याने टंकलेखन केले, त्याला मराठी ठाऊक नसेल, तर कऱ्हाडच्या डोक्यावर रफार चढतो आणि प्रवासी भलत्याच गावाच्या पाटीखाली उभा राहतो. 'ल' आणि 'श' यांचेही तेच. आपला ल पाकळ्यांचा, आपला श देठाचा. नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच वळणे प्रमाण ठरवली आहेत. तरी सरकारी फलकांवरसुद्धा हिंदी वळणाचा ल सर्रास दिसतो, कारण संगणकाने तो पुढे केला आणि कोणी हटकले नाही. हटकणारा माणूस म्हणून तुम्हाला आज पदवी दिली जात आहे, अशी माझी समजूत आहे.

उपयोजित कलेचे हे शिक्षण आपल्याकडे आले कसे, तेही पाहा. मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तिथे व्यापारी कलेचा वेगळा विभाग निघाला १९३५ साली, आणि उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली १९६१ साली. म्हणजे शाळेत हा विषय उशिराच आला. बाजारात तो त्याआधीपासून होता. जावजी दादाजी हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात छपाईचे खिळे घासायला लागला होता. पुढे त्याने स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणूजी आरू यांनी त्यासाठी पोलादी पंच कोरले. त्या खिळ्यांतून निघालेले संस्कृत आणि मराठी ग्रंथ आजही जुन्या ग्रंथालयांत उघडून बघा. मात्रा कुठे सुरू होते, वेलांटी अक्षराला किती कवेत घेते, जोडाक्षरात खालच्या अक्षराला श्वास घ्यायला किती जागा ठेवली आहे, हे भिंग लावून पाहण्यासारखे आहे. देवनागरीचा जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, शेकडो खिळ्यांच्या केसपुढे उभा राहून काम करायचा. इंग्रजीचे काम त्या मानाने मूठभर खिळ्यांत भागे.

मग यंत्रे आली आणि यंत्राला एवढी अक्षरे झेपेनात. लिपीच आटोपशीर करा, असा आग्रह सुरू झाला. सावरकरांच्या लिपीशुद्धीत 'इ, ई, उ, ऊ' ऐवजी 'अ'लाच वेलांट्या-उकार लावायचे होते. मागचा हेतू समजण्याजोगा होता. पण लिपीने यंत्रापुढे किती वाकावे, हा प्रश्न त्यात होताच. त्याला मला पटणारे उत्तर दिले र. कृ. जोशी यांनी. जे. जे.त शिकलेला, जाहिरात व्यवसायात मुरलेला, कविता लिहिणारा हा माणूस पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवू लागला आणि संगणकासाठी भारतीय लिपींचे अक्षरसंच घडवू लागला. लिपी आहे तशी राहील, वाकायचे तर यंत्राने वाकावे, ही दिशा त्यांच्या कामात स्पष्ट दिसते. विंडोज २०००बरोबर आलेला 'मंगल' हा त्यांचाच. तुमच्यापैकी प्रत्येकाने तो वापरला आहे आणि बहुतेकांनी त्याला नावे ठेवली आहेत. अहो, मंगल हा त्या काळच्या ठिपकेदार पडद्यावर बारीक आकारात वाचता यावा म्हणून केलेला अक्षरसंच. त्याला दहा फुटी पाटीवर चढवले कोणी? त्यात जोशीसरांचा काय दोष?

आता ज्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते अक्षरकार कमल शेडगे. २०२० साली ते गेले. तुमच्या आजीआजोबांना त्यांचे नाव माहीत नसेल, पण त्यांची अक्षरे माहीत असतील. मराठी रंगभूमीच्या भरभराटीच्या काळात वर्तमानपत्राच्या एका पानावर डझनावारी नाटकांच्या जाहिराती दाटीवाटीने येत. एका कॉलमाची रुंदी, दोनचार बोटे उंची, रंग नाही, चित्राला जागा नाही. नाटककार, नट, नाट्यगृह, वेळ हे सगळे बारीक टाइपात. नाटकाचे नाव तेवढे हाताने काढलेले. शेडगे तेवढ्या जागेत नाटकाचा स्वभाव उभा करत. ऐतिहासिक नाटकाच्या अक्षरांना धार, फार्सच्या अक्षरांना तोल गेल्यासारखा झोक, कौटुंबिक नाटकाच्या शिरोरेषेला शांतपणा. स्वस्त न्यूजप्रिंटवर शाई पसरते, म्हणून अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा आधीच वाढवून ठेवावी लागे. हे गणित त्यांच्या हातात होते. लोकल गाडीत घडी घातलेला पेपर चाळणारा माणूस त्या आकारावरून नाटक ओळखायचा, नाव अक्षर-अक्षर लावून वाचायच्या आधीच. संवादकलेची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. तुम्ही 'ब्रँड आयडेण्टिटी'च्या सत्तर पानी सादरीकरणात जे सांगता ते शेडगे दोन बोटांत सांगून मोकळे होत. सत्तर पानांना पैसे जास्त मिळतात, हा भाग वेगळा.

चित्राकडे वळलेल्यांना वाटत असेल, हे पुराण अक्षरवाल्यांसाठी आहे. तसे नाही. आपल्याकडे चित्रकाराला घराघरात नेले ते दिवाळी अंकाने. 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९चा. गोव्याहून मुंबईला आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' काढला, तेव्हा चित्रकारच संपादक झाला. मुखपृष्ठ, कथाचित्र, मजकूर यांचा एकमेकांशी संसार कसा करायचा, हे त्या अंकांतून शिकावे. वसंत सरवटे तर व्यवसायाने सिमेंट कंपनीतले अभियंता. पण पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली त्यांची चित्रे पाहा, मजकूर नीट वाचलेला माणूस चित्र कसे काढतो ते कळेल. कथा न वाचता कथाचित्र काढणारे आज पुष्कळ आहेत. संपादकाला ते लगेच कळते, फक्त तो बोलत नाही.

थोडे कारागिरीचे. जाहिरात कंपन्यांत अजूनही मोहीम आधी इंग्रजीत ठरते आणि मराठी हे शेवटच्या दिवशी उरकायचे 'ॲडॅप्टेशन' असते. माझी उमेदीची वर्षे त्यात गेली, म्हणून सांगतो. इंग्रजी मथळ्यासाठी आखलेल्या चौकटीत मराठी ओळ कोंबली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. देवनागरीला दोन ओळींत जास्त अंतर लागते, हे ठरवण्याची वेळ चौकट आखतानाची. अक्षरांतले अंतर वाढवायची सवय रोमनमधून आणलीत तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सोय चालू केली नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते. लाखो रुपयांच्या होर्डिंगवर मी ती तशी पाहिली आहे. आणि बोरू धरून बघा. देवनागरीसाठी तो रोमनच्या टाकाच्या उलट तिरका कापतात, म्हणून जाडबारीकपणा दुसरीकडे पडतो. रोमनचा जाडबारीकपणा उचलून देवनागरीला चिकटवलेले अक्षर लंगडते ते यामुळे. शाळेत चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षेला भूमितीबरोबर अक्षरलेखनाचा प्रश्न असे. तो आपण पट्टी लावून उरकला. तिथूनच ही नावड सुरू झाली असावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारणार हे मला माहीत आहे. पालकांच्या चेहऱ्यावर तर तो प्रश्न सकाळपासून आहे. सरधोपट चित्राचे काम ही यंत्रे घेणार, बरेचसे घेतलेही आहे. गोड बोलून ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांना शिकायला इंग्रजी अक्षरांची जेवढी पाने मिळाली तेवढी मराठीची मिळाली नाहीत, आणि जोडाक्षर आले की ती अजून पुष्कळदा अडखळतात. उद्या सुधारतीलही. तेव्हा यंत्राने दिलेल्या शंभर 'श्री'तला बरोबर कोणता, हे सांगणारा लागेलच, आणि ते डोळे हाताने हजारदा श्री काढल्याशिवाय तयार होत नाहीत. मुंबईतल्या 'एक टाइप'च्या मंडळींनी मुक्ता, बलू, मोदक असे अक्षरसंच करून सर्वांना मोफत खुले केले. ते तुमच्या संगणकात आज उतरवता येतील. वापरा, आणि उघडून त्यांची हाडे कशी बसवली आहेत तेही पाहा.

शेवटी पैशाचे, कारण ते कोणी सांगत नाही. १९५७चा कॉपीराइट कायदा एकदा वाचा. नोकरीत असताना केलेले काम सहसा मालकाचे होते, हे धरून चाला. स्वतंत्र काम करताना हक्क द्यायचे तर ते लेखी द्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि हक्क विकल्यावरही ते काम आपले आहे असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ने तुमच्याकडेच ठेवला आहे. पुस्तकात मुखपृष्ठकाराचे नाव आता बहुधा छापतात. शीर्षकाची अक्षरे काढणाऱ्याचे क्वचितच. ते मागून घ्या. संकोच वाटत असेल तर करारात घाला, म्हणजे तोंडाने मागावे लागणार नाही.

उद्यापासून तुम्ही पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत जाल, काही जण परदेशी जातील, काही गावी परततील. कुठेही असा, येत्या वर्षात एक काम करा. ओळखीच्या एखाद्या किराणा दुकानदाराकडे, गिरणीवाल्याकडे किंवा आपल्या जुन्या शाळेत जा आणि त्यांची पाटी स्वतःच्या हाताने आखून द्या. मराठी वळणाचा ल, देठाचा श, जोडाक्षराला पुरेशी जागा. फ्लेक्सवाल्याशेजारी उभे राहून छापून घ्या. आणि दुकानदाराला बिल द्या, रकमेचा आकडा मराठीत लिहून.