गाळलेली पानं

श्रोतेहो, रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराला आमच्या घरात रोज थोडं वाचन चालतं. जेवणं झालेली असतात. बायको उद्याची मेथी निवडायला घेते, कॉलेजात शिकणारी मुलगी वही मिटते आणि माझी अम्मा दिवाणावर पाय वर घेऊन बसते. अम्मा ऐंशीच्या घरातली. काचबिंदूनं तिची नजर गेली. चौथीपर्यंतच मराठी शाळा शिकलेली ही बाई एके काळी वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. टीव्हीच्या नुसत्या आवाजावर तिचं भागेना. म्हणून आम्ही वाचून दाखवू लागलो.

सुरुवात मुलीनं केली, प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’पासून. जत्रेत खेळणं न घेता दादीसाठी चिमटा घेणारा हमीद अम्माला आवडला, पण पटला नाही. “इतकं शहाणं पोर असतं का कुठं? एक तरी रेवडी खाल्ली असंल त्यानं,” म्हणाली. समीक्षा म्हणून हे वाईट नाही!

मग मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ काढली. अम्माचं माहेर आटपाडी तालुक्यातलं आणि माडगूळकरांचं माडगूळही त्याच तालुक्यातलं. 1955 सालची ही कादंबरी मी बी.ए.ला असताना वाचली होती, परीक्षेला वाचतात तशी. माणदेशाचं चित्रण, निवेदनातला संयम, असं काहीबाही लिहून मार्क मिळवले होते. अम्माशेजारी बसून वाचताना कळलं, की मी ती वाचलीच नव्हती. मास्तरांच्या सोबतीला असणारा आयबू आला, तशी अम्मा म्हणाली, “अयूब असंल. गावात अयूबचा आयबूच होतो.” औंधचे राजेसाहेब तालमीच्या उद्घाटनाला येतात, तिथं तिनं मला थांबवलं आणि तिच्या वडिलांनी सांगितलेल्या पंतप्रतिनिधींच्या सूर्यनमस्कारांच्या गोष्टी सुरू केल्या. त्या रात्री पुस्तक पुढं सरकलंच नाही.

शेकूकडे दुसरा बैल नाही म्हणून त्याची बायको स्वतः औताला खांदा देते. तो भाग मुलीनं वाचला. तिला ते अद्भुत वाटलं, बायकोला संताप आला. अम्मा बऱ्याच वेळानं म्हणाली, “दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही. वेणी दुसऱ्यानं घालावी लागते.” हे तिला कसं माहीत, ते कुणी विचारलं नाही. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. तिथं मात्र ती काहीच बोलली नाही. 1972 च्या दुष्काळात ती मला झोळीत टाकून खडी फोडायच्या कामावर जात होती, एवढं मला ऐकून ठाऊक आहे.

‘बनगरवाडी’ संपल्यावर मुलीनं कपाटातून एक पुस्तक काढलं. हमीद दलवाईंची ‘इंधन’. माझ्या पोटात गोळा आला.

याला कारण आहे. दलवाई कोकणातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ‘इंधन’ 1965 ची. खूप वर्षांनी आपल्या कोकणातल्या गावी परतलेला एक मुसलमान माणूस आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेट घेत जाणारं गाव, असा तिचा विषय. दलवाई कुणालाही सोडत नाहीत, ना हिंदूंना, ना मुसलमानांना. त्याहून मोठी अडचण त्यांच्या नावाची. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला आणि 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आमच्या घरात हे नाव उच्चारायची सोय नव्हती. अब्बा तसे मवाळ, पण या एका नावाला त्यांचा आवाज चढे. कॉलेजात असताना मी ‘इंधन’ रद्दीच्या दुकानातून आणली, तेव्हा वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून वळकटीत ठेवली होती. पुढं मी कवी झालो, व्यासपीठावरून दलवाईंवर बोललोही. घरी मात्र कव्हर तसंच राहिलं. अब्बा जाऊनही पुष्कळ वर्षं झाली.

“मी वाचतो,” मी मुलीला म्हणालो. कारण साधं होतं. स्त्री-पुरुष संबंधांविषयी दलवाई आडपडदा न ठेवता लिहितात. ते आईसमोर, मुलीसमोर कसं वाचायचं? पुस्तक माझ्या हातात असलं, म्हणजे चार ओळी इकडच्या तिकडे करता येतील. दोन रात्री हे खपलं. तिसऱ्या रात्री अम्मा मध्येच म्हणाली,

“दो पन्ने पलटाया नै तू?”

“नाही, अम्मा.”

“मेरेकू आवाज आया.”

नजर गेलेल्या माणसाचे कान कसे होतात, हे मी विसरलो होतो. बायकोनं मेथीतून मान वर केली. मुलीनं एक अक्षर न बोलता माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मागं गेली आणि गाळलेली पानं वाचली. सरळ, न अडखळता. मी छताकडे बघत होतो. पन्नाशी उलटलेला माणूस, श्रोतेहो!

वाचून झाल्यावर अम्मानं विचारलं, “हा तोच का, बायकांना घेऊन मुंबईत गेला होता तो?” मी हो म्हणालो. मग तिनं तिच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. खालाला मी लहानपणी पाहिलेलं. आजोळच्या घरी राहणारी, शिवणयंत्रावर वाकलेली. तिचं लग्न झालं नव्हतं, असंच आम्हाला सांगितलेलं. झालं होतं. एका संध्याकाळी नवऱ्यानं दारात उभं राहून तीनदा म्हटलं आणि ट्रंकेसकट तिला एसटीत बसवून दिलं. एकोणीस वर्षांची होती. अम्मानं अब्बांना विचारलं होतं, की तो मुंबईचा माणूस म्हणतो त्यात चूक काय? अब्बा त्यावर आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिनंही पुन्हा विषय काढला नाही.

2017 साली सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तेव्हा मी वर्तमानपत्रातली बातमी अम्माला मोठ्यानं वाचून दाखवली होती. ती नुसतं “हौ” म्हणाली होती. खाला त्याच्या आधीच गेली. त्या “हौ”मध्ये काय होतं, ते मला ‘इंधन’नं कळवलं. कवी म्हणवणाऱ्या माणसाला इतका उशीर व्हायला नको होता.

‘इंधन’ पुरी झाली. अम्माचा एक आक्षेप राहिला, की यातल्या बायका फार कमी बोलतात. मुलीचं आणि तिचं यावर दोन दिवस चाललं. पुस्तकाचं जुनं कव्हर मुलीनंच काढून टाकलं. सध्या ‘माणदेशी माणसं’ चालू आहे. वाचायची पाळी कधी माझी असते, कधी बायकोची. पण मी वाचायला बसलो, की अम्मा मान जराशी कलती करून कान पुस्तकाकडे लावते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)