पुरुषांनी बोलायचं कुठे?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा सेक्रेटरींनी घेतलाच आहे. टँकर, लिफ्ट, गच्चीचं लीकेज, सगळं झालं. मी जरा वेगळं बोलतो.

१९९१ साली मुंबईत सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारांनी वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत, अशा अर्थाची. तुम्हाला वाटेल, कोण उत्तर देणार? पण २०५ पुरुषांनी कळवलं. त्यातूनच १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ ही संस्था उभी राहिली. आद्याक्षरं जोडली की होतं ‘मावा’. टपरीवरचा मावा तोंडात असला की बोलता येत नाही, हा मात्र बोलायला लावतो! हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी हे काम करत आले. ‘पुरुष स्पंदनं’ हा त्यांचा दिवाळी अंक. पुढे २००६ पासून ‘युवा मैत्री’तून कॉलेजच्या मुलांशीही बोलणं सुरू झालं.

हे वाचूनच आम्ही सात जण दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या ऑफिसात बसू लागलो. नियम साधे. एक जण बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. हसायचं नाही. विचारल्याशिवाय सल्ला नाही. आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. हे शेवटचं फार कठीण, कारण ए विंगची बातमी बी विंगला पोचायला आपल्याकडे लिफ्टही लागत नाही.

एक प्रसंग त्या गृहस्थांची परवानगी घेऊन सांगतो, नाव नाही सांगणार. त्यांची नोकरी गेली होती. तीन महिने ते रोज डबा घेऊन निघायचे, चर्चगेटला जायचे, संध्याकाळी परत. घरात कुणालाच पत्ता नाही. एका रविवारी आमच्यात ते बोलले. कुणी उपदेश केला नाही. एक जण एवढंच म्हणाला, “वहिनींना आजच सांगा. मी खाली थांबतो.” ते वर गेले. पाऊण तासाने वहिनींनीच गॅलरीतून हाक मारली, “भाऊजी, चहाला या.”

२०२१ च्या सरकारी नोंदींत आत्महत्या केलेल्या दर १०० जणांत ७२ हून अधिक पुरुष होते. आकडा वाचला की मला तो डबा आठवतो.

काही वहिनींनी विचारलं, हे आमच्याविरुद्ध मंडळ आहे का? प्रश्न रास्त आहे. बायकोची गाऱ्हाणी सांगायला कुणी आलं तर आम्ही विचारतो, “तुमचं काय चाललंय ते सांगा.” हात उचलणाऱ्याला तोंडावर सांगतो की हे चालणार नाही. पण तिथे आम्ही तडजोड करायला बसत नाही. २००५ चा कायदा आहे, पोलीस आहेत, आणि तक्रार करायची की नाही ते त्या बाईने ठरवायचं.

रागावर अजून आमचं नीट जमलेलं नाही. दोघं जण आजही मीटिंगमध्ये पार्किंगवरून आवाज चढवतात. फरक इतकाच, की आता रात्री एकमेकांना फोन करतात.

दर महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी सात, ऑफिसात. तरुण मुलांनीही यावं. खुर्च्या सातच आहेत, येताना घरून एक आणा.